करवंदीची जाळी : तिची ओळख, उपयोग व राखण

आपल्या भोवतालच्या ज्या वस्तू आपणांस मोल दिल्यावाचून मिळतात, त्यांची किंमत आपण बहुधा काहीच समजत नाही. आणि त्या नाहीशा झाल्यावर मात्र त्यांच्याविषयी हळहळ करीत बसतो. करवंदीची जाळी ही अशा वस्तूंपैकी एक होय. कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, सह्याद्रीच्या घाटांत, मावळात आणि जुन्नर-अकोल्याकडील उघड्या डोंगरांवर ही जाळी जागोजाग उभी आहे. वैशाखात मुले तिची फळे खातात. बाकीच्या दिवसांत तिची आठवण धोतरास किंवा लुगड्यास काटा अडकला म्हणजेच होते. कोयता घेऊन सरपणास निघालेला मनुष्य पहिला घाव हिच्यावर घालतो, आणि गवतास आग लावणारा मनुष्य हिची क्षणभरही काळजी करीत नाही. तरी ह्या पाठात आम्ही असे दाखवू इच्छितो की, ही जाळी तोडली असता एका घावात तीन गोष्टी जातात : गरिबाच्या घरची उन्हाळ्यातील मिळकत, पाखरांचा आसरा आणि डोंगरावर पुढे वाढावयाची झाडे. ज्या बंधूंकडे गावात वाचून दाखविण्याचे काम आहे, त्यांनी हा पाठ शक्य तर एखाद्या जाळीजवळ उभे राहून शिकवावा.

१. नाव व कुळ

संस्कृतात हिच्या फळास करमर्द म्हणतात. हिंदीत त्यास करौंदा व गुजरातीत करमदां अशी नावे आहेत. स्वीडन देशाचा प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्याने १७६७ साली हिचे वर्णन छापले, तेव्हा हिला ‘कॅरिसा कॅरांडस’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसरा शब्द आपल्या इकडील नावाचाच अवतार आहे, हे तो उच्चारताच लक्षात येते. बागेत लावतात ती करवंद मोठ्या फळाची असते, व तिचे फळ पुष्कळदा पांढुरके-गुलाबी असून लोणच्यास उपयोगी पडते. डोंगरावरील रानकरवंद लहान, काळी व अधिक गोड असते. ह्या रानजाती किती मानाव्या, ह्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आपल्या कामास तो वाद लागत नाही. मात्र एवढे सांगितले पाहिजे की, ही झुडपे केवळ आपल्या देशापुरती नाहीत. हिच्या एका सख्ख्या जातीचा विस्तार आफ्रिका खंडापासून अरबस्तान व हिंदुस्थानातून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात हिची एक मोठ्या लाल फळाची बहीण आहे, तिचीही फळे लोक आवडीने खातात. जेथे जमीन खडकाळ, ऊन कडक आणि पाऊस वर्षातून थोडेच महिने, तेथे हे घराणे सुखाने नांदते.

आता हिच्या कुळाकडे पाहू. करवंदीचे पान तोडले की पांढरा चीक निघतो. हीच खूण कण्हेरीची, चाफ्याची, कुड्याची व सातविणीची आहे, आणि ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. ह्या कुळाची कीर्ती भयंकर आहे. कण्हेरीचे मूळ, पान, फूल, सर्व काही विषारी. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी पोटात गेली तर हृदयाची गती बिघडून मनुष्य दगावतो. तथापि ह्याच कुळात सदाफुली आहे, जिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे काढतात. ह्याच कुळात सर्पगंधा आहे, जिच्या मुळीतील द्रव्य रक्तदाब उतरविण्यासाठी वापरले गेले. आणि ह्याच कुळात आपली करवंद आहे, जिचे पिकलेले फळ लहान मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावे.

ह्यापासून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली सावधगिरीची : चीक असलेले आणि करवंदीसारखे दिसणारे प्रत्येक फळ खाण्याजोगे नसते; म्हणून मुलांस ओळख नसलेले फळ तोंडात घालू देऊ नये, आणि बिट्टी अंगणात असेल तर तिच्याविषयी त्यांस स्पष्ट सांगून ठेवावे. दुसरी गोष्ट विचाराची : एखाद्याचे कुळ ऐकून त्याची योग्यता ठरविण्याची सवय ज्यांस आहे, त्यांनी हे एक झुडूप पाहावे. कण्हेरीची सख्खी नातेवाईक असल्यामुळे करवंद विषारी झाली नाही. ज्यांस कुळाच्या नावावरून पाणवठ्यावरून परत फिरावे लागले, त्या आमच्या वाडवडिलांस हे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज पडली नसती.

२. कोरड्या डोंगरावर ही कशी जगते

फाल्गुनानंतर डोंगर पिवळा पडतो, गवत वाळते, पळसाची व सागाची पाने गळतात. तरी करवंदीची जाळी हिरवी असते. ह्याचे कारण तिच्या बांध्यात आहे. तिची पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लहान, जाड व चामड्यासारखी चिवट असून वरच्या बाजूने तुळतुळीत असतात, त्यामुळे पानांतील ओल सहज उडून जात नाही. मुळे खडकाच्या फटींत खोल शिरून ओल शोधतात. चिकामुळे व काट्यांमुळे गुरे तिला फारशी तोंड लावीत नाहीत. काटे पेरापेरावर जोडीने येतात, ताठ व टणक असतात, आणि काही काट्यांच्या टोकास पुन्हा दोन फाटे फुटलेले असतात. खोडाशी तोडली तरी पाऊस पडताच बुंध्यापासून नवे धुमारे येतात. जिला कोणी पाणी घातले नाही, खत दिले नाही, कुंपण केले नाही, ती ह्या चार साधनांवर वर्षानुवर्षे उभी राहते.

माघ-फाल्गुनाच्या सुमारास फांद्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. फूल पाच पाकळ्यांचे, जाईच्या फुलासारखे, व मंद वासाचे असते. मधमाश्या व फुलपाखरे त्यांवर येतात. मग हिरवी फळे धरतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती आधी गुलाबी-तांबूस, पुढे जांभळी व शेवटी काळीभोर होतात. म्हणून लोक त्यांस ‘डोंगरची काळी मैना’ म्हणतात. मुलांचा एक जुना खेळ सर्वांस ठाऊक आहे : करवंद फोडण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारावयाचे, आणि आतील गर लाल निघाला तर कोंबडा व फिका निघाला तर कोंबडी. शिक्षकांनी हा खेळ हसण्यावारी नेऊ नये. फळ फोडून आत पाहावे, बिया मोजाव्या, गराचा रंग लिहून ठेवावा, ही वनस्पतिशास्त्राची पहिली पायरीच होय, आणि आमच्या मुलांनी ती कोणी न शिकविता गाठली आहे.

एका जाळीची सर्व फळे एकदम पिकत नाहीत. आज चार, उद्या दहा, अशी ती कित्येक दिवस पिकत राहतात. ही गोष्ट पुढे तोडणीच्या विचारात उपयोगी पडेल.

३. जाळी डोंगरासाठी काय करते

जाळीस काटा आहे म्हणून लोक तिला दूषण देतात. परंतु त्या काट्याचा लाभ तिला एकटीलाच होत नाही. बुलबुल, कोकीळ वगैरे पाखरे ठिकठिकाणची फळे खाऊन जाळीवर येऊन बसतात, आणि त्यांच्या विष्ठेबरोबर जांभूळ, उंबर इत्यादी झाडांच्या बिया जाळीखाली पडतात. तेथे सावली असते, पालापाचोळा कुजून माती मऊ झालेली असते, आणि मुख्य म्हणजे शेळीचे तोंड तेथवर पोहोचत नाही. उघड्या माळावर उगवलेले रोप पहिल्याच वर्षी खाल्ले जाते किंवा उन्हाने करपते. जाळीच्या पोटात उगवलेले रोप तेवढ्या अवधीत वर डोके काढते. पुष्कळ डोंगरांवर एखादे मोठे झाड करवंदीच्या मधोमध उभे दिसते. ते तेथे कसे आले, हा प्रश्न मुलांस विचारावा. त्या झाडाची दाई करवंद होती, हे त्याचे उत्तर आहे.

ह्याखेरीज उतारावरील जाळी पावसाच्या लोंढ्यास अडविते. पाला व माती तिच्या बुंध्याशी अडकून राहते, आणि पाणी धावत न जाता जिरते. ज्या गावच्या विहिरी वैशाखात आटतात, त्या गावाने आपल्या डोंगरावरील जाळ्या मोजून पाहाव्या. जाळ्या राहिल्या म्हणून विहिरी भरतील असे आम्ही म्हणत नाही. पण बोडक्या डोंगरावरून माती व पाणी दोन्ही निघून जातात, हे तर कोणीही पावसात उभे राहून पाहू शकतो.

आता हानीचा विचार करू. नवे गवत चांगले यावे म्हणून डोंगरास आग लावण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. हा वणवा बहुधा माघ ते चैत्र ह्या महिन्यांत लागतो, म्हणजे नेमका करवंदीच्या फुलांचा व कोवळ्या फळांचा हंगाम. जाळी समूळ मरत नाही, हे खरे. बुंधा पुन्हा फुटतो. परंतु त्या वर्षाचे फळ जळून जाते, जाळीच्या पोटातील लहान रोपे मरतात, आणि वर्षानुवर्षे आग लागली तर जाळी खुरटून जमिनीस टेकते. आग लावणारा बहुधा एक मनुष्य असतो, आणि फळाची वाट पाहणारी घरे अनेक असतात. ज्या विधवेने वैशाखात चार टोपल्या विकून बियाण्याची सोय करावयाची ठरविले होते, तिला कोणी विचारले नव्हते.

४. तोडणी कशी करावी

(अ) फांदी मोडून फळ काढू नये. ज्या शेंड्यावर फळ आहे, तेथेच पुढे फुटवा व फूल यावयाचे असते. आकडीने फांदी हळूच वाकवावी व सोडून द्यावी.

(आ) पिकलेलेच फळ घ्यावे. काळे व बोटास मऊ लागणारे फळ देठापासून सहज सुटते. ओढावे लागते ते कच्चे समजावे. दुसऱ्याने नेऊ नये म्हणून लाल फळ आजच ओरबाडणे हा आपलाच तोटा आहे, कारण त्यास बाजारात भाव येत नाही, व त्याच्या चिकाने खाणाऱ्याचे ओठ चिकटतात. वाडीतील मंडळींनी एकत्र बसून अमुक दिवसापूर्वी तोडावयाचे नाही असे ठरविले, तर सर्वांचेच हित होईल.

(इ) जाळीच्या अगदी आतील व शेंड्यावरील फळे पाखरांस सोडावी. काट्यांमुळे ती आपणांस मिळणे कठीण असते; आणि बी दूर नेऊन टाकण्याचे काम पाखरांचेच आहे.

(ई) जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने आपटून पाहावे व पायांत पायताण असावे. दगडगोट्यांच्या व जाळ्यांच्या आसऱ्यास फुरशासारखे विषारी साप असतात. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. मांत्रिकाकडे वेळ न दवडता रोग्यास स्वस्थ ठेवून तत्काळ सरकारी दवाखान्यात न्यावे. विषावर उतारा देणारी लस तेथेच मिळते, अंगाऱ्याने विष उतरत नाही. काटा खोल गेला असल्यास जागा साबणाने धुऊन तो काढावा व धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी.

(उ) पहिला पाऊस पडल्यावर फळ पाणचट होते व त्यात अळ्या पडतात. म्हणून तोडणी त्यापूर्वी आटोपावी.

५. घरातील उपयोग

पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. जे विकले गेले नाही ते फेकून देण्यापेक्षा त्याचे सरबत करावे, किंवा ते चिरून बिया काढून कडक उन्हात वाळवावे. कच्च्या फळाचे लोणचे तर सर्वांस प्रिय आहे. त्याची रीत साधी आहे : कच्ची टणक करवंदे मिठाच्या पाण्यात चोळून दोन वेळा धुवावी, म्हणजे चीक निघून जातो. मग पुसून कोरडी करावी, चिरून बिया काढाव्या, मीठ लावून एक रात्र ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी निथळून मोहरीची डाळ, तिखट, हळद, हिंग व गार झालेली फोडणी घालून बरणीत भरावी. बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून तो धोका पत्करू नये. अर्धवट पिकलेल्या फळांत पेक्टिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते, त्याच्या योगाने रस साखरेबरोबर उकळला असता आपोआप घट्ट होतो. जेली किंवा मुरंबा करावयाचा तर अशीच फळे घ्यावी.

ताज्या करवंदांत क जीवनसत्त्व आहे. भाकरी, डाळ व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास ह्या जीवनसत्त्वाची मदत होते. आमच्या गावांतील बायकांत व वाढत्या मुलींत रक्ताची कमतरता पुष्कळ आढळते. अशांनी करवंदांच्या दिवसांत जेवणाबरोबर मूठभर ताजी फळे अवश्य खावी. जी माउली सगळी टोपली बाजारास नेते आणि आपल्या मुलीसाठी एक ओंजळही मागे ठेवीत नाही, तिला घरच्या मंडळींनी हे सांगावे. मात्र करवंदे हे औषध नव्हे. ज्यास रक्ताची कमतरता आहे त्याने दवाखान्यातून गोळ्या घेतल्याच पाहिजेत.

६. विक्री व हक्क

घाटरस्त्यांच्या कडेस व स्टेशनांच्या बाहेर पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या कातकरी, ठाकर व महादेव कोळी समाजांच्या बाया आपण पाहतो. पहाटे डोंगर चढावा, उन्हे वर येण्यापूर्वी टोपली भरावी, मग कोसभर चालून रस्ता गाठावा, असा त्यांचा दिवस असतो. ही मिळकत येते ती पेरणीच्या तोंडावर, जेव्हा कणगी रिकामी असते व सावकाराचे दार जवळ असते. म्हणून ती थोडी असली तरी मोलाची आहे. मोटारीतून उतरून ह्या बायांशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने त्यांच्या हातांवरील ओरखडे एकदा पाहावे.

२००६ साली आपल्या देशात वनहक्कांचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या व वनावर निर्वाह करणाऱ्या लोकांस, ते परंपरेने गोळा करीत आलेले गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क ह्या कायद्याने मान्य केला आहे. आणि हक्काचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. ज्या वाड्यांनी अद्याप दावा केलेला नाही, त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा, व ज्यांस अर्ज लिहिता येत नाही त्यांस लिहिता येणाऱ्यांनी मदत करावी. हा कायदा केवळ हक्क देऊन थांबत नाही. वनाची, वन्य प्राण्यांची व पाण्याच्या उगमांची राखण करण्याचा भारही तो हक्कदारांवर व ग्रामसभेवर ठेवितो. फळ आमचे म्हणणाऱ्याने वणवा विझविण्यासही आले पाहिजे.

७. शेताचे कुंपण

पुष्कळ शेतकरी डोंगरावरील करवंदी तोडून तिच्या वाळक्या फांद्यांची वई घालतात. ती वई एक-दोन वर्षांत कुजते व पुन्हा डोंगरावर कोयता चालतो. त्यापेक्षा बांधावर जिवंत कुंपण लावणे शहाणपणाचे आहे. चांगल्या पिकलेल्या फळांतून बी काढून धुऊन सावलीत सुकवावी व लवकरच पेरावी. फार दिवस ठेविलेली बी रुजत नाही. रोपे वाफ्यात किंवा पिशवीत वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी बांधावर दोन-दोन हातांच्या अंतराने लावावी. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे आणि शेळ्यांपासून राखावे. मग ती आपली राखण आपण करतात. काही वर्षांनी कुंपणही होते व फळही मिळते, आणि डोंगरावरील जाळी वाचते.

हा पाठ संपविताना आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, प्रत्येक गावाने येत्या माघापूर्वी एकत्र बसून दोन ठराव करावे. पहिला, आपल्या डोंगरास कोणी आग लावणार नाही, आणि लागलीच तर प्रत्येक घरचा एक माणूस हिरवा डहाळा घेऊन विझविण्यास जाईल. दुसरा, करवंदांची तोडणी ठरलेल्या दिवसापूर्वी कोणी करणार नाही. ह्या दोन गोष्टींस पैसा लागत नाही. त्यांस शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास मात्र लागतो, आणि तो प्रथम आपणच दाखविला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. करवंदीच्या कुळातील पाच झाडे सांगा. त्यांपैकी विषारी कोणती?

२. कडक उन्हाळ्यातही जाळी हिरवी राहते, ह्याची कारणे सांगा.

३. जाळीच्या मधोमध मोठे झाड वाढते, ते कसे?

४. वणव्याने जाळी समूळ मरत नाही, तरी गावाचे नुकसान कोणते होते?

५. आपल्या गावच्या डोंगरावर दहा वर्षांपूर्वी जाळ्या अधिक होत्या की कमी? घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून उत्तर आणा.